एकच दर : वेळासच्या घरगुती पाहुणचाराची वाटचाल

मंडणगड तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घराचा जमाखर्च मांडला तर जमेच्या बाजूला मुंबई येते. गिरणीतला पगार, महिन्याची मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी, त्याने आणलेले कपडे आणि भांडी. खर्च इथला आणि जमा तिकडची, असाच आपला संसार चालत आला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. त्याची झळ इथल्या वाडीवाडीला लागली. तरीही पुढच्या पिढीने वाट धरली ती मुंबई-पुण्याचीच, कारण दुसरी वाट दिसत नव्हती. म्हणून ज्या उद्योगात पैसा शहरातून निघून गावात आला, घरच्या चुलीपाशी पोचला आणि त्यासाठी कोणाला आपली जमीन विकावी लागली नाही, त्या उद्योगाची हकिगत या स्मरणिकेत सविस्तर नोंदवणे अगत्याचे वाटते.

वेळासचा घरगुती पाहुणचार हा तो उद्योग. त्याला स्वतःची इमारत नाही, मोठे भांडवल नाही. गावातल्या घरांनी आपापसात ठरवलेला एक रिवाज आणि त्याच्या पाठीशी समुद्री कासवांची घरटी राखणारे कासवमित्र मंडळ, ग्रामपंचायत, वन विभाग आणि चिपळूणची ‘सह्याद्री निसर्गमित्र’ ही संस्था, एवढाच त्याचा पसारा. तरी मी याला संस्था म्हणतो. संस्थेला नियम लागतो आणि तो पाळणारी माणसे लागतात. इथे दोन्ही आहेत. नियम असा की पाहुण्याला माणशी दर लावायचा, त्यात राहणे, चहा-नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरायचे. हा दर गावाने मिळून ठरवायचा आणि घर कोणाचेही असो, तो सारखा ठेवायचा.

वेळास तालुक्याच्या पार पश्चिम टोकाला आहे. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे बाणकोटचा किल्ला, आणि तो मागे टाकून दक्षिणेकडे वळले की डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये हे गाव लागते. खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातले हरिहरेश्वर. गावाची ठेवण लांबट; मधून अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना नारळी-पोफळीची आगरे, जांभ्याच्या भिंती, ओटी-पडवीची कौलारू घरे. समुद्र घरांना लागून नाही, पुळणीवर पोचायला सुरूच्या बनाकडे थोडे चालावे लागते. नाना फडणवीसांचे भानू घराणे मूळचे इथले. पेशवाईचा हिशेब ज्याने कडक ठेवला त्याच्या मूळ गावात, दोनशेहून अधिक वर्षांनी, घरोघरच्या गृहिणींनी पाहुण्याच्या ताटाचा हिशेब चोख ठेवावा, याचा मला मनापासून आनंद होतो.

या उद्योगाची सुरुवात उद्योग म्हणून झालीच नाही. ‘सह्याद्री निसर्गमित्र’ ही संस्था १९९२ सालापासून चिपळुणात काम करत होती. भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत फिरत असताना २००२ साली वेळासला आले. पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आणि उकरलेले खड्डे दिसले. चौकशी केल्यावर कळले की इथे दर हंगामात कासविणी अंडी घालायला येतात, आणि त्यातली बरीचशी अंडी माणसे काढून नेतात. काही खाल्ली जात, काही आसपास विकली जात. राहिलेल्यांवर कुत्री, कोल्हे आणि खेकडे टपलेले असत. समुद्री कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. पण कायदा पुळणीवर रात्री दोन वाजता हजर नसतो. हजर असतो तो गावकरी.

संस्थेने तिथेच शहाणपणा दाखवला. तक्रार करून हात झटकण्याऐवजी तिने गावातल्याच माणसांना कामाला लावले. ज्यांना वाळूवरच्या मागावरून घरटे नेमके सापडत होते, त्यांच्या नजरेचा उपयोग राखणीसाठी झाला. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी वाचली आणि दोन हजारांवर पिल्ले समुद्रात गेली. वेळासचेच मोहन उपाध्ये या कामात पडले आणि पुढे किनाऱ्यावरच्या कासव संवर्धनात त्यांचे नाव सर्वांना माहीत झाले.

काम कष्टाचे आहे, आणि पुढच्या पाहुणचाराचा सगळा डोलारा त्यावरच उभा असल्यामुळे ते इथे सांगायला हवे. आपल्याकडे येते ते ऑलिव्ह रिडले जातीचे कासव. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी मादी भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी रुंद असा मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, शंभरच्या आगेमागे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबून टाकते आणि परत जाते. ती पुन्हा मागे वळून पाहत नाही. पहाटेच्या आत कासवमित्राने पुळण चालून तिचा माग शोधायचा, अंडी न फिरवता अलगद उचलायची, कुंपण घातलेल्या जागेत तितकाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवायची, तारीख आणि संख्या लिहायची. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वाळू फोडून वर येतात. घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून पाहायची आणि पिल्ले असतील तर पाण्याजवळ वाळूवर सोडायची. समुद्रापर्यंतचे अंतर त्यांनी आपल्या पायांनीच तोडायचे.

हे सगळे बघायला माणसे येऊ लागली आणि तिथून पुढचा प्रश्न उभा राहिला. रक्षण करणाऱ्याला मानधन द्यायचे, कुंपण बांधायचे, आणि गावाने अंड्यांपासून मिळणारे थोडेफार पैसे सोडून द्यायचे, हे वर्षानुवर्षे निव्वळ देणग्यांवर आणि सद्भावनेवर चालणारे नव्हते. गावाला कासवापासून काही रास्त मिळकत झाली पाहिजे, आणि ती कासव जिवंत राहिल्यानेच झाली पाहिजे, असा विचार पुढे आला. २००६ साली कासव महोत्सव सुरू झाला. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पिल्ले बाहेर पडण्याचा अंदाज घेऊन दिवस जाहीर करायचे, सकाळ-संध्याकाळ पिल्ले सोडताना लोकांना दोरीच्या अलीकडून पाहू द्यायचे, दुपारी कासवांविषयी चित्रफीत आणि माहिती, आणि मुक्काम गावकऱ्यांच्या घरी.

वेळासला तेव्हा हॉटेल नव्हते, लॉज नव्हता. ही उणीव पुढे गावाच्या पथ्यावर पडली. बाहेरच्या माणसाने आधीच मोठे हॉटेल बांधले असते तर पाहुणा तिकडे गेला असता, आणि गावकऱ्याला मिळाली असती ती फार तर खोल्या झाडण्याची नोकरी. इथे पाहुण्याला उतरायला जागा होती ती गावातल्या ओटीवर आणि माजघरातच. चटया, गाद्या, पांघरुणे, चार जादा ताटे-वाट्या, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वच्छ संडास-न्हाणीघर, एवढी तयारी केली की घर पाहुण्यांसाठी उभे राहत होते.

दर ठरवण्याचा मुद्दा मात्र साधा नव्हता, आणि मला या संस्थेचा खरा इतिहास त्यातच दिसतो.

घरात पाहुणे ठेवायचे तर किंमत कशी काढायची? तांदूळ, डाळ, तेल, साखर, दूध, गॅसचे सिलिंडर, विजेचे बिल हे खर्च सहज मोजता येतात. नारळ, कोकम, फणस, कढीपत्ता आगरातले. त्यांचे पैसे रोख जात नाहीत, म्हणून ते धरायचे राहून जातात. घर बांधलेलेच आहे, त्यावर कर्ज नाही, त्यामुळे हॉटेलवाल्याला दरात जे बँकेचे व्याज घालावे लागते ते इथे नाही. कामाला पगारी माणूस नाही. या कारणांनी दर कमी ठेवता येतो, आणि वेळासने तो कमी ठेवला. शाळा-कॉलेजची मुले, शिक्षक, लहान मुले घेऊन येणारी मध्यमवर्गीय कुटुंबे, पक्षी आणि निसर्ग पाहत हिंडणारे तरुण यांना परवडेल असा तो राहिला. या गावात पुण्या-मुंबईहून सहकुटुंब येऊन दोन दिवस राहणारा माणूस खर्चाने दबून जात नाही, ही मोठी गोष्ट आहे.

पण कमी दर आणि रास्त दर यांत फरक आहे, आणि तो फरक स्वयंपाकघरात असतो. पहाटे उठून पंधरा-वीस माणसांचा चहा, मग पोहे किंवा घावन, दुपारी वरण-भात, तांदळाची भाकरी, उसळ, फणसाची भाजी, सोलकढी, कोणी आधी सांगितले असेल तर उकडीचे मोदक, रात्री पुन्हा तितकेच. मध्ये भांडी, अंथरुणे, पाणी तापवणे. हे सगळे बहुतेक घरांत बाईच्या अंगावर येते. तिच्या श्रमाला शून्य किंमत धरून काढलेला दर कितीही स्वस्त असला तरी मी त्याला रास्त म्हणणार नाही. ती सवलत पाहुण्याला मिळते आणि देते ती घरची बाई. वेळासच्या पद्धतीचे मोल असे की मुक्कामाचा पैसा त्याच घरात, बहुतेक वेळा तिच्याच हातात येतो. आमसूल, कोकमाचे आगळ, कुळथाचे पीठ, आंबापोळी, फणसपोळी, पापड हे तिनेच उन्हाळ्यात केलेले जिन्नस पाहुणा जाताना घेऊन जातो, तो विक्रीचा भाग वेगळा. मंडणगडच्या बाजारात दलालाला दिले असते तर त्यातले निम्मेच हाती आले असते.

दर सगळ्यांना सारखा ठेवण्यामागचे कारण गावकऱ्यांनी फार लवकर ओळखले. समजा एका घराने पाहुणा आपल्याकडे ओढायला पन्नास रुपये कमी केले. शेजारी शंभर कमी करील. तिसरे घर एसटी थांब्यावर माणूस उभा करील. दोन हंगामांत ताटातल्या भाजीची वाटी लहान होईल, गावात अबोला येईल, आणि पहाटे पुळणीवर चालणाऱ्या कासवमित्राला मदत करायला कोणी उरणार नाही. दर सारखा असला की घराघरांत चढाओढ उरते ती स्वयंपाकाची, स्वच्छतेची आणि बोलण्याची. पाहुण्यालाही घासाघीस करावी लागत नाही; आपल्याला फसवले तर नाही ना, हा संशय घेऊन तो ओटी चढत नाही. पुळणीच्या वाटेवरचे घर असो की गावाच्या दुसऱ्या टोकाचे, नवे फरशीचे असो की शेणाने सारवलेले, ताटाचा दर तोच.

दुसरी कसोटी शनिवार-रविवारची. फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे फार तर बारा-तेरा शनिवार-रविवार. माणसे लोटतात ती त्याच दिवशी, मंगळवार-बुधवारी गाव रिकामे. शहरातल्या हॉटेलांत आणि विमानाच्या तिकिटांत असा नियमच आहे की गर्दी वाढली की भाव वाढवायचा. वेळासच्या घरांना हे जमले नसते असे नाही. बाहेर अंधार पडलेला, लहान मूल झोपेला आलेले, परत मंडणगडला जायला गाडी नाही. अशा वेळी माणूस मागाल ते देतो. अशा अडलेल्या माणसाकडून जास्त न घेणे हीच व्यापारातली खरी सचोटी आहे, आणि ती पाळायला रोख पैसे समोर दिसत असताना हात आवरावा लागतो. जागा भरल्या की “घर भरले, दुसरीकडे विचारतो” असे सांगून पाहुणा शेजारच्या घरी पोचवायचा, हा या रिवाजाचाच दुसरा भाग.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाहुणा येतो ते कासवाचे पिल्लू पाहायला, पण गावाने पिल्लाचा भाव लावला नाही. पैसे घ्यायचे ते भाताचे आणि अंथरुणाचे. निसर्गाचा अंदाज चुकतो. वाळू थंड असेल तर पिल्ले उशिरा येतात, तापली तर लवकर, आणि कधी दोन-दोन दिवस टोपली उचलली तरी खाली काही नसते. तिकीट लावले असते तर लोकांना पिल्लू ‘दाखवणे’ भाग पडले असते. मग कोणीतरी पिल्ले पाण्याच्या डब्यात राखून ठेवली असती, रविवारच्या गर्दीसाठी. तसे झाले असते तर कासवांचे रक्षण आणि गावाचे नाव दोन्ही गेले असते. इथे पाहुण्याला आधीच सांगितले जाते की पिल्ले दिसतील याची खात्री नाही. दिसली नाहीत तरी त्याला जेवण चांगले मिळाले, झोप चांगली लागली, समुद्र पाहिला. त्याच्या पैशाचा मोबदला पुरा झाला. जे आपल्या हातात आहे त्याचेच पैसे घ्यायचे, इतका हा सरळ व्यवहार आहे.

महाराष्ट्रात रास्त भावाच्या चळवळी झाल्या त्या बहुतेक ग्राहकाच्या बाजूने. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेचे काम सुरू झाले, तेच पुढे ‘अपना बाजार’ या नावाने घरोघर पोचले. परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या आपल्या कितीतरी चाकरमान्यांनी तिथे वजनात पुरे आणि भावात बरोबर असे वाणसामान घेतले असेल. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. बिंदूमाधव जोशी यांच्याबरोबर गायक-संगीतकार सुधीर फडके त्या चळवळीत होते. शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, दुकान न उघडता माल थेट आणून आपणच मोजून वाटून घ्यायचा, ही तिची रीत. या दोन्ही ठिकाणी संघटित झाला तो विकत घेणारा. वेळासला विकणारे एकत्र आले, आणि व्यापाऱ्यांचे संघ सहसा भाव चढवायला एकत्र येतात तसे ते आले नाहीत. भाव जागेवर राहावा म्हणून आले. या दृष्टीने आपल्या तालुक्यातल्या या छोट्या गावाने महाराष्ट्राच्या सहकाराच्या इतिहासात एक वेगळी भर घातली आहे, असे माझे ठाम मत आहे.

कासवांच्या जिवावर गाव उभे राहिल्याचे दाखले इतर देशांतही आहेत. कोस्टारिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर कासवे मारून मांस आणि अंडी विकली जात. आर्ची कार या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात तिथे अभ्यास सुरू केला, १९७५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि गावकरी पाहुण्यांचे वाटाडे झाले. आपल्या देशात ओडिशाच्या गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले लाखांनी एकदम येतात. वेळासला तसला देखावा नाही. इथे एकेक मादी येते, एकेक घरटे मोजून राखावे लागते. मोठे भांडवल अशा ठिकाणी फिरकत नाही, कारण त्याला हमखास गर्दी लागते. मोजक्या घरट्यांना मोजकी घरेच शोभतात, आणि माफक नफ्याचा हिशेब इथे नेमका बसला तो यामुळेच.

हा नफा माफक आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांच्या पाहुणचारावर कोणाचे वर्ष निघत नाही. तो जोडधंदा आहे. आगर, थोडी भातशेती, आंब्याची कलमे, कोणाची नोकरी यांच्या जोडीला. पण जोडधंद्यातल्या पैशाने घरांत जे झाले ते पाहण्यासारखे आहे. संडास-न्हाणीघरे झाली, छपरे दुरुस्त झाली, मुलांच्या शिक्षणाला हातभार लागला, आणि गावातल्या बायकांना अनोळखी माणसांशी बोलण्याचा, व्यवहार करण्याचा धीर आला. राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेने घरगुती मुक्कामाला पुढे सरकारी मान्यतेची वाट करून दिली. रिक्षावाला, किराणा दुकानदार, दूध घालणारा, खाडीवरच्या वेसवी-बागमांडला फेरीबोटीने येणाऱ्या गाड्यांवर चालणाऱ्या चहाच्या टपऱ्या, सगळ्यांना त्यातले चार पैसे मिळाले. वेळासचे पाहून आंजर्ले, केळशी आणि किनाऱ्यावरच्या आणखी गावांनी कासवांची राखण सुरू केली आणि पाहुणेही ठेवले.

२०२० साल या सगळ्याची परीक्षा घेऊन गेले. ऐन हंगामात, २४ मार्चच्या रात्रीपासून देशभर टाळेबंदी झाली आणि पाहुणे एका दिवसात थांबले. पिल्ले मात्र वेळेवर वाळूतून वर आली, आणि ती सोडायला कासवमित्र हजर होते. एक रुपया येत नसताना टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलल्या गेल्या. त्यातून सावरायच्या आत ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांची कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, आणि ज्या पोफळींच्या सावलीत पाहुण्यांची पंगत बसायची त्या मुळासकट पडल्या. पोफळ लावली की उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षे घेते, नारळ त्याहून जास्त. ज्या घराने सगळे भांडवल एकाच धंद्यात घातले असते आणि कर्ज काढून खोल्या बांधल्या असत्या, ते त्या वर्षी बुडाले असते. वेळासच्या घरांनी फार घातले नव्हते, म्हणून फार गमावलेही नाही. पावसाळ्यानंतर कौले चढवली, पडलेली झाडे तोडली, आणि पाहुणे परत येऊ लागले तेव्हा ओट्या पुन्हा झाडून तयार होत्या.

२५ जानेवारी २०२२ रोजी वेळासच्याच पुळणीवर एका मादी कासवाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेवर असा हा पहिलाच प्रयोग, म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने मिळून त्या हंगामात आंजर्ले आणि गुहागरच्या किनाऱ्यांवर आणखी चार माद्यांना अशी यंत्रे बसवली. देशभरच्या वर्तमानपत्रांत वेळासचे नाव आले आणि त्याबरोबर गर्दीही वाढली.

वाढलेल्या गर्दीची काळजी आता उघडपणे बोलायला हवी. किनाऱ्यालगतच्या जमिनीला बाहेरचे गिऱ्हाईक येते. पुळणीवर प्लास्टिक दिसते, बॅटऱ्या आणि मोबाइलचे दिवे दिसतात, आणि प्रकाशाने पिल्ले वाट चुकतात. इंटरनेटवरून खोल्या भरून देणाऱ्या कंपन्या प्रत्येक मुक्कामामागे आपला वाटा कापून घेतात. तो वाटा पाहुण्याच्या दरात चढतो नाहीतर घरवाल्याच्या मिळकतीतून जातो. वातानुकूलित स्वतंत्र खोली मागणारा पाहुणाही येतो, आणि ती देणारे घर वेगळा दर मागणार हे ओघाने आले. वाढत्या महागाईत गॅस, तेल आणि मजुरीचे भाव बघून दर दरवर्षी वाढवावा लागला तर त्यात काही वावगे नाही. रास्त दर म्हणजे गोठवलेला दर नव्हे. वाढ सगळ्यांनी बसून, खर्चाचे आकडे समोर मांडून करायची, आणि त्यात बाईच्या श्रमाची रक्कम स्पष्ट लिहायची, एवढा आग्रह मी धरीन. स्वतंत्र खोली द्यायची तर तिचाही दर गावाच्या बैठकीतच ठरावा, ओटीवर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्याकडे पाहून नव्हे.

या इतिहासाचे कागद घरोघर आहेत: पाहुण्यांची नावे लिहिलेल्या वह्या, हंगामाचे दर लिहिलेले कागद, महोत्सवाची जुनी पत्रके, घरट्यांच्या नोंदी. वेळासच्या कुटुंबांना विनंती आहे की पावसाळी ओलीत आणि वाळवीत हे जाऊ देऊ नये. ग्रामपंचायतीत किंवा गावच्या शाळेत एक कपाट यासाठी राखून ठेवावे, वह्यांचे फोटो काढून घ्यावेत, आणि ज्या बायकांनी पहिल्या हंगामात पाहुणे जेवू घातले त्यांच्या तोंडून त्या वेळचा हिशेब, दराच्या आकड्यासकट, लिहून घ्यावा. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्या गावाला उद्या हे काम सुरू करायचे असेल तर त्यांना दर कसा ठरवला हे दाखवायला तीच वही लागेल.